एक पिवळी रेषा, एक हिरवी रेषा

१८ ऑगस्ट जवळ आला की मराठी वर्तमानपत्रांतून विजयदुर्गची बातमी येते. किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो, शाळांची मुले येतात, गोऱ्या साहेबाच्या नावाने ओळखले जाणारे चौथरे त्यांना दाखवले जातात. बातमीत एक वाक्य ठरलेले असते : नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६८ साली याच ठिकाणाहून सूर्यग्रहण पाहताना हेलियमचा शोध लावला. अशी कात्रणे मी बरीच वर्षे जमवत आलो आहे. वाक्यातले शब्द थोडेफार बदलतात, मजकूर बदलत नाही.

१८६८ च्या ऑगस्टमध्ये लॉकियर इंग्लंडात होता. युद्धखात्यात कारकुनी करून उरलेल्या वेळात आकाश पाहणारा तो हौशी माणूस. हिंदुस्थानात मोहीम घेऊन येणे तेव्हा त्याच्या आवाक्यातलेही नव्हते. विजयदुर्गला तो आला हे मात्र खरे. पण तो आला तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर हेलियम लंडनच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीत बंद होऊन जवळजवळ तीन वर्षे झाली होती.

दंतकथा खोडून काढणारे लेख दिवाळी अंकांना नवे नाहीत, आणि एवढेच सांगायचे असते तर अर्ध्या पानात भागले असते. मला छळणारा प्रश्न पुढचा आहे. हेलियम सापडून गेला होता. लॉकियर एकसष्ट वर्षांचा, आदल्याच वर्षी 'सर' झालेला. मग इतक्या पेट्या, भिंगे, लोलक आणि काचा घेऊन, आरमारी जहाजावरच्या खलाशांना हाताशी धरून, दोन मिनिटांच्या अंधारासाठी तो कोकणच्या त्या टोकाला कशासाठी आला? त्याच्या येण्यातून काय निघाले? आपल्या बातम्यांत याचे उत्तर कधीच येत नाही. विज्ञानाचे बहुतेक काम कसे चालते हे आपल्याला सांगताच येत नाही, म्हणून ते येत नसावे. आपल्याला गोष्ट येते ती एका माणसाची, एका दिवसाची आणि एका जागेची.

इथे टॉमस कूनची आठवण काढणे भाग आहे. कून मूळचा भौतिकशास्त्राचा. पुढे विज्ञानाच्या इतिहासाकडे वळला. वैज्ञानिक क्रांत्यांच्या घडणीवरचे त्याचे पुस्तक १९६२ साली शिकागो विद्यापीठाने छापले. आपल्याकडे त्याचे नाव निघते ते 'पॅराडाइम शिफ्ट' या जोडशब्दापुरते. परिसंवादाच्या निमंत्रणपत्रिकेपासून सहकारी बँकेच्या वार्षिक अहवालापर्यंत सगळीकडे मी तो वाचला आहे. क्रांती पुस्तकाच्या नावातच असल्यामुळे हे व्हायचेच. पण ज्यांनी ते हातात धरले आहे त्यांना ठाऊक असेल की सुरुवातीची प्रकरणे क्रांतीविषयी नाहीतच. ती आहेत क्रांती नसताना शास्त्रज्ञ काय करतात याविषयी, म्हणजे त्यांच्या जवळजवळ सगळ्या आयुष्याविषयी. या रोजच्या कामाला कूनने दिलेल्या नावाचे भाषांतर 'सामान्य विज्ञान' असे होते. मला ते पटत नाही; 'सामान्य' म्हटले की मराठीत सुमार असा वास येतो. मी 'नित्य विज्ञान' म्हणतो. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी कर्मे नित्य, नैमित्तिक आणि काम्य अशी वेगळी केली. नित्यकर्म केल्याने वेगळे पुण्य गाठीला बांधले जात नाही, न केल्यास मात्र दोष लागतो. आणि नैमित्तिकाचे ठरलेले उदाहरण कोणते, तर ग्रहणस्नान. ग्रहणासारख्या नैमित्तिक घटनेच्या दोन मिनिटांत शास्त्रज्ञ जे करतात ते नित्यकर्म असते, हा या लेखाचा विषय आहे असे म्हटले तरी चालेल.

'पॅराडाइम' या शब्दाचा मराठीत 'प्रतिमान' झाला. मूळ पुस्तकातच तो इतका सैल आहे की मार्गारेट मास्टरमन या विदुषीने त्याचे एकवीस वेगवेगळे अर्थ मोजून दाखवले होते. त्यांतला मला सर्वांत कामाचा वाटणारा अर्थ आपल्याकडच्या 'कित्ता' या शब्दात आहे. कोणी तरी एक प्रश्न इतका सुरेख सोडवतो की पुढच्या पिढ्या त्याच वळणावर अक्षर गिरवतात. कित्ता गिरवणारा नक्कल करत नाही. त्याच्या वाट्याला आलेला शब्द नवा असतो, वळण तेवढे घेतलेले असते. या कामाला कून कोड्याची उपमा देतो. कोड्याला उत्तर आहे याची खात्री धरूनच माणूस ते सोडवायला बसतो, आणि सुटले नाही तर लोक कोड्याला नावे ठेवत नाहीत, सोडवणाऱ्याला ठेवतात. कार्ल पॉपरला हे वर्णन मान्य होते, पण त्याला त्याची भीती वाटली. चौकटीत मुकाट्याने काम करणारा शास्त्रज्ञ पॉपरच्या दृष्टीने कीव करावी असा, नीट न शिकवला गेलेला माणूस. १९६५ साली लंडनला झालेल्या परिषदेत या दोन मतांची गाठ पडली. तो वाद बराचसा तत्त्वांच्या पातळीवर राहिला. मला तो रेषांच्या पातळीवर पाहायचा आहे.

१८५९ च्या सुमारास जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथे किर्खहॉफ आणि बुन्सेन या दोघांनी एक कित्ता घालून दिला. पदार्थ ज्योतीत धरा, प्रकाश लोलकातून न्या, वर्णपटात उजळ रेषा दिसतील. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या जागी असतात, त्या दुसऱ्या कोणाच्या नसतात. सूर्याच्या वर्णपटात फ्राउनहोफरने पन्नास वर्षांपूर्वी मोजून ठेवलेल्या काळ्या रेषा म्हणजे त्याच द्रव्यांच्या खुणा. म्हणजे हात न लावता सूर्याचे रासायनिक पृथक्करण करता येते. वर आणखी एक लाभ. कोणत्याच ज्ञात द्रव्याची नसलेली रेषा दिसली तर नवे द्रव्य हाती लागले असे समजायचे. हा कित्ता लगेच फळाला आला. १८६० मध्ये खनिज पाणी आटवून निळ्या रेषांचे सीझियम, १८६१ मध्ये तांबड्या रेषांचे रुबिडियम, त्याच वर्षी क्रुक्सचे हिरव्या रेषेचे थॅलियम, १८६३ मध्ये निळसर जांभळ्या रेषेचे इंडियम. चार वर्षांत चार द्रव्ये, आणि प्रत्येक वेळी आधी रेषा, मागून हातात धरता येणारा धातू. अशा यशानंतर कोणी मूलभूत शंका काढत बसत नाही. लोक वर्णपटदर्शक विकत घेतात.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रासाचा पट्टा कोकणातून चढून पूर्व किनाऱ्यावर उतरत होता. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, गुंटूरला फ्रान्सचा जान्सन आणि इंग्रजांचा टेनंट, मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा पॉगसन. सर्वांना बघायच्या होत्या ग्रहणात सूर्याच्या कडेला दिसणाऱ्या लाल ज्वाला. त्या वायूच्या असतील तर वर्णपटात सुट्या उजळ रेषा दिसतील, घन किंवा द्रव कणांच्या असतील तर सलग पट्टा. प्रश्न ठरलेला, उत्तराचे पर्यायही ठरलेले. रेषा दिसल्या, ज्वाला वायूच्या, मुख्यतः हायड्रोजनच्या. पिवळ्या भागातही एक रेषा होती आणि पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती सोडियमची धरली. हे साहजिकच होते. पिवळ्यात ठळक रेषा म्हणजे सोडियमची 'डी' जोडी, हे तेव्हा शाळकरी ज्ञान होते. काही मिनिटांच्या घाईत, लहानशा उपकरणातून, तेवढ्यात एवढेच दिसणार. पॉगसनला ती नेमकी 'डी'वर बसत नसल्याचा संशय आला होता, एवढीच नोंद त्या दिवसाच्या खाती आहे.

जान्सनच्या नावावर त्या दिवशीचे खरे श्रेय वेगळेच आहे. रेषा इतक्या झळझळीत आहेत की ग्रहण नसतानाही त्या दिसतील हे त्याच्या ध्यानात आले, आणि दुसऱ्या दिवशी त्याने ते करून दाखवले. तिकडे लॉकियर दोन वर्षे हीच कल्पना मनात धरून नव्या वर्णपटदर्शकाची वाट पाहत बसला होता. उपकरण हाती आले आणि २० ऑक्टोबरला लंडनमधून, ग्रहणाशिवाय, त्याने ज्वालांच्या रेषा पाहिल्या. दोघांची निवेदने पॅरिसच्या अकादमीत एकाच वेळी पोहोचली, आणि फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे मुखवटे असलेले एकच पदक पाडले. ग्रहणाची घाई संपली, आता रोज बघता येणार होते. रोज बघता येऊ लागले तेव्हाच पिवळ्या रेषेची जागा निवांत मोजता आली. सोडियमची जोडी आजच्या मापाने ५८९६ आणि ५८९० अँगस्ट्रॉमवर. ही तिसरी ५८७६ वर. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. चौदा अँगस्ट्रॉमची चूक, म्हणजे सव्वाचारशेत एक. सोडियमच्या रेषा आधीच काटेकोर मोजलेल्या नसत्या, तर ही नवी रेषा परकी आहे हे कुणालाही कळले नसते. विसंगती दिसायला आधी संगती पाठ असावी लागते. 'आइनस्टाइन चुकला' असे सिद्ध करणारी हस्तलिखिते घेऊन माझ्याकडे अधूनमधून गृहस्थ येतात (स्वतंत्र संशोधक म्हणवून घेतले की हे भोगावे लागते). त्यांना मी चहा देऊन ही चौदा अँगस्ट्रॉमची गोष्ट सांगतो. ते निराश होतात. माझेही औपचारिक शिक्षण फारसे झालेले नाही, उरलेले वाचनालयांनी केले. तरी त्यांची निराशा मला पटत नाही.

आता कूनच्या दृष्टीने पाहण्यासारखा भाग येतो. डी-३ असे नाव मिळालेल्या या रेषेला लॉकियरने लगेच नवे द्रव्य म्हटले काय? नाही. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंडच्या प्रयोगशाळेत दोघांनी हायड्रोजनवर प्रयोग सुरू केले. दाब बदलून, तापमान बदलून हायड्रोजन ती पिवळी रेषा देतो का ते पाहिले. कोडे सोडवणाऱ्याचा पहिला धर्म हाच की घरात जेवढी माणसे आहेत त्यांना आधी विचारून घ्यावे, मगच बाहेरच्यावर संशय घ्यावा. हायड्रोजनने रेषा दिली नाही. मग सूर्यावरच्या नव्या द्रव्याची कल्पना आणि 'हेलियम' हे नाव. ते जाहीर सभेत प्रथम घेतले विल्यम थॉम्सनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, १८७१ साली ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात. फ्रँकलंडचा कल शेवटपर्यंत सावधच राहिला. रसायनशास्त्रज्ञांना बाटलीत भरता न येणारे द्रव्य मान्य नव्हते, आणि त्यांचा हा हट्ट काही मूर्खपणाचा नव्हता.

चोवीस वर्षे हेलियम हे सूर्यावरच्या एका रेषेचे नाव होते. ते जमिनीवर आले ते अशा लोकांच्या हातून, ज्यांना सूर्याशी काही देणेघेणे नव्हते. लॉर्ड रॅले वायूंची घनता मोजत होता. याहून कंटाळवाणे काम कल्पनेत आणणे कठीण. हवेतून काढलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून काढलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरतो, असे त्याला दिसले. फरक जाईना. रॅले आणि विल्यम रॅमसे यांनी तो फरक धरून ठेवला आणि १८९४ मध्ये हवेतला आळशी वायू, अरगॉन, समोर आणला. मेंडेलेएव्हच्या आवर्तसारणीत त्याला खुर्ची नव्हती. खुद्द मेंडेलेएव्हला तो तीन अणूंचा नायट्रोजन असावा असे वाटत होते. अरगॉन आणखी कुठे मिळेल या शोधात रॅमसेला अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणातल्या हिलब्रँडचा निबंध दाखवण्यात आला. युरेनियमच्या खनिजावर आम्ल घातले की एक निष्क्रिय वायू निघतो, असे हिलब्रँडने नोंदवले होते आणि तो नायट्रोजन धरला होता. १८९५ च्या मार्चमध्ये रॅमसेने क्लेव्हाइट या खनिजातून तो वायू काढला, वर्णपट पाहिला, आणि पिवळ्यात एक रेषा. क्रुक्सने जागा मोजली : डी-३.

तरी काम संपले नाही, आणि माझ्या मते खरी गोडी पुढच्याच पायरीत आहे. रुंगे आणि पाशेन या जर्मन वर्णपटतज्ज्ञांनी दाखवले की पृथ्वीवरच्या या वायूची पिवळी रेषा बारकाईने पाहिली तर एक नाही, दोन आहेत. ठळक रेषेला चिकटून एक फिकी जोडीदार. सूर्याची डी-३ मात्र सगळे एकेरी समजत होते. म्हणजे इतक्या वर्षांनी मिळालेले उत्तर पुन्हा अडचणीत. निरीक्षकांनी सूर्याकडे अधिक जोरदार उपकरणे लावली, आणि जोडीदार तिथेही सापडली. पंचवीस वर्षांत ती कुणाला दिसली नव्हती, कारण कुणी ती शोधत नव्हते. कून म्हणतो ते हेच : चौकट डोळ्यांवर झापड घालते, आणि कुठे पाहायचे तेही तीच सांगते. कूनच्या पुस्तकात हेलियम येतो, पण दुसऱ्याच कामासाठी. हेलियमचा एकटा अणू हा रेणू मानायचा का, असे एका नामवंत भौतिकशास्त्रज्ञाला आणि एका रसायनशास्त्रज्ञाला विचारले गेले आणि दोघांनी उलट उत्तरे दिली, असे उदाहरण त्याने घेतले आहे. डी-३ ची कहाणी त्याने घेतली असती तर त्याच्या पहिल्या प्रकरणांना याहून चांगला दाखला मिळाला नसता.

इथवर ही यशाची कथा आहे, आणि यशाच्या कथेने काही सिद्ध होत नाही. तिच्या शेजारी दुसरी ठेवावी लागते. ७ ऑगस्ट १८६९ रोजी अमेरिकेत खग्रास ग्रहण झाले. यंग आणि हार्कनेस या दोघांना, वेगवेगळे, सूर्याच्या बाहेरच्या पांढुरक्या प्रभामंडळात एक हिरवी रेषा दिसली. किर्खहॉफच्या नकाशावरच्या १४७४ या खुणेशी तिची जागा जुळवण्यात आली. तिथे लोखंडाची एक रेषा होती, पण लोखंडाच्या बाकी रेषांचा प्रभामंडळात पत्ता नव्हता, म्हणून लोखंड बाद. कोणत्याच ज्ञात द्रव्याची नाही. कित्ता सांगतो, नवे द्रव्य. नाव ठरले 'कोरोनियम'.

तर्क हुबेहूब तोच होता. पाहणारेही त्याच तालमीतले. १८९५ मध्ये हेलियम सापडल्यावर कोरोनियमचा भाव वाढला. एक सूर्यावरून उतरले, दुसरेही उतरेल. मेंडेलेएव्हने तर विसाव्या शतकाच्या तोंडावर ते सारणीत हायड्रोजनच्याही आधी बसवून पाहिले. ते कधीच उतरले नाही. १९३९ मधल्या ग्रोट्रियानच्या कामापाठोपाठ एडलेनने दाखवले की ती रेषा लोखंडाची आहे, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. त्यासाठी प्रभामंडळाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात असावे लागते, आणि सूर्याचा पृष्ठभाग तर सहा हजारांच्या आसपास. तेजोमेघांतल्या हिरव्या रेषांचे 'नेब्युलियम'ही असेच निकालात निघाले. १९२७ मध्ये बोवेनने ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची करामत असल्याचे दाखवले.

कूनवरचा माझा आक्षेप या दोन रेषांमधून निघतो. त्याच्या आराखड्यात कोडे फार काळ सुटले नाही की अस्वस्थता साचते, संकट येते, मग जुनी चौकट मोडते. एखादी विसंगती बाजूला ठेवून दिली जाऊ शकते हे तो मान्य करतो, पण ती त्याच्या लेखी कडेची गोष्ट आहे. हिरवी रेषा सत्तर वर्षे सुटली नाही. कुणी संकटात सापडले नाही. दर ग्रहणाला लोक जात राहिले, तिची जागा मोजत राहिले. आणि मोडले काय? 'रेषा द्रव्याची ओळख देते' हे किर्खहॉफचे मूळ वळण मोडले नाहीच. ते इतकेच सुधारले की रेषा द्रव्याची आणि त्याच्या अवस्थेची, दोन्हींची ओळख देते. अणूची नवी भौतिकी दुसऱ्याच दारातून आली आणि जाता जाता कोरोनियमचा हिशेब मिटवून गेली. पॉपरलाही या उदाहरणातून फारसे काही मिळत नाही. १८७० मध्ये उभे राहून हेलियम आणि कोरोनियम यांत खरे कोणते, खोटे कोणते, हे कोणतीही कठोर टीका सांगू शकली नसती. दोन्हींचा पुरावा सारखाच होता, एक एक रेषा. त्या माणसांच्या हातात करण्यासारखे एकच होते : जागा अधिक नीट मोजणे.

आता १८९८ कडे वळता येईल. त्या जानेवारीत ग्रहणाचा पट्टा आजच्या महाराष्ट्रावरून तिरका गेला. विजयदुर्गला लॉकियर, फाउलर आणि त्यांचा मोठा तांडा. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल. पुलगावला न्यूअल आणि कॅप्टन हिल्स. वऱ्हाडात तळणीला ब्रिटिश हौशी खगोलमंडळाचे लोक, त्यांत जॉन एव्हरशेड आणि ॲनी माँडर. ॲनीबाईंनी दीड इंची भिंगाच्या कॅमेऱ्याने प्रभामंडळाचा लांबच लांब झोत टिपला. पुण्यात प्लेगाने माणसे मरत होती, रँडचा खून होऊन सात महिने झाले होते, टिळक तुरुंगात होते. त्या वर्षाच्या आपल्या इतिहासात या चार गावांचे नाव येत नाही, यात नवल नाही.

लॉकियरचे विजयदुर्गातले काम त्याच्या जुन्या हट्टाचे होते. प्रचंड उष्णतेत मूलद्रव्येच फुटतात, असे त्याचे मत. ठिणगीच्या उष्णतेत काही रेषा ठळक होतात, त्या फुटलेल्या द्रव्याच्या, असे तो म्हणे. खग्रास लागताना आणि सुटताना सेकंदभर दिसणारा वर्णावरणाचा वर्णपट टिपून त्याच्याशी या ठळक रेषा जुळतात का, हे त्याला पाहायचे होते. कॅम्पबेलला जेऊरहून प्रभामंडळ सूर्याबरोबर फिरते का हे मोजायचे होते. दोन्ही कडांना हिरवी रेषा किती सरकते यावरून ते कळले असते. म्हणजे दोघेही आधीच्यांचे अर्धवट हिशेब पुरे करायला आले होते. त्या हिशेबातून निघाले असे की हिरवी रेषा मुळी १४७४ वर नव्हतीच. इतकी वर्षे ५३१७ धरलेली तिची जागा भारतात घेतलेल्या काचांवरून ५३०३ अँगस्ट्रॉम ठरली. फरक पुन्हा चौदाचा. योगायोग, दुसरे काही नाही. कॅम्पबेलच्या प्रभामंडळाच्या फिरण्याचा निकाल काही नीट लागला नाही. पण ज्या ५३०३ वर एडलेनने पुढे लोखंड ओळखले, तो आकडा जेऊर आणि विजयदुर्गच्या त्या दोन मिनिटांतून आला. रेषा ५३१७ वरच समजत राहिले असते तर एडलेनची बेरीज जुळली नसती. हेलियमशी विजयदुर्गचा जो संबंध जोडला जातो तो खोटा आहे. हा मात्र खरा आहे आणि त्याचा दिन कुणी साजरा करत नाही.

लॉकियरच्या ठळक रेषांचे काय झाले? द्रव्ये फुटतात ही त्याची कल्पना फसली, रेषा मात्र खऱ्या ठरल्या. अणूतून इलेक्ट्रॉन निघून गेला की वर्णपट बदलतो, आणि किती तापमानाला व दाबाला किती अणू असे होतील, याचे गणित १९२० साली कलकत्त्याहून मेघनाद साहांनी मांडले. लेखाचा विषय सूर्याचे वर्णावरणच होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉकियर वारला.

जेऊरला कॅम्पबेलशिवाय आणखी एक मोहीम होती आणि तिचा प्रमुख पुण्याचा होता. कावसजी दादाभाई नायगमवाला, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून त्यांनी पुण्यात वेधशाळा उभारली, वीस इंची आरशाची दुर्बीण आणली. लॉकियरशी त्यांचा चांगला परिचय. तेजोमेघातली मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे, असे लॉकियरचे त्या काळी म्हणणे होते. तसे असेल तर ती एका बाजूला पुसट होत गेलेली दिसायला हवी. १८९१ मध्ये नायगमवालांनी पुण्याहून मृगातल्या तेजोमेघाची ती रेषा तपासली आणि ती प्रत्येक वेळी धारदारच दिसते, असे प्रसिद्ध केले. लॉकियरच्या विरुद्ध जाणारे हे निरीक्षण होते. पॉपरने नित्य शास्त्रज्ञाची कीव केली, त्याने हा माणूस पाहायला हवा होता. कित्ता ज्यांचा गिरवला त्यांच्याच अक्षरातली चूक हा दाखवतो, आणि दाखवण्याचे साधन तोच कित्ता असतो. बंडाचा आव कुठे नाही. रेषा धारदार आहे, एवढेच विधान. नायगमवालांवर मराठीत एखादे चांगले चरित्र असायला हवे. शाळेच्या पुस्तकात तर त्यांचे नावही मला कधी आढळले नाही, कारण त्यांनी 'शोध' असा काही लावला नाही.

ते १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर पुण्याची वेधशाळा बंद झाली. उपकरणे कोडाईकनालला हलवली गेली. तिथे तेव्हा संचालक होता जॉन एव्हरशेड. चौदा वर्षांपूर्वी तळणीच्या माळावर दोन मिनिटांसाठी उभा राहिलेला तोच. वीस इंची दुर्बिणीला तिथे 'भावनगर दुर्बीण' असे नाव पडले.